वहीत न लिहिलेली मदत

(अभ्यास पाठ. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. शेवटी चर्चेचे प्रश्न दिले आहेत.)



आपल्या गटात प्रत्येक गोष्टीची नोंद असते. बचत किती, कर्ज किती, व्याज किती, बैठकीला उशिरा आली म्हणून दंड किती, सगळं वहीत असतं. पाच रुपयांचा घोळ झाला तरी आपण रात्री आठपर्यंत बसून तो शोधतो. हे चांगलंच आहे. त्या वह्यांच्या जोरावरच बँक आपल्याला कर्ज देते.

या वेळचा पाठ मात्र वहीत न लिहिल्या जाणाऱ्या मदतीवर आहे. एखादीच्या घरावर संकट येतं, तेव्हा कुणीतरी काही मागता, काही न बोलता तिच्यासाठी काम करून जातं. अशी मदत म्हणजे नेमकं काय, ती कशी करायची आणि कशी करायची नाही, हे आज बघू.

एका गटातली गोष्ट

ही गोष्ट आमच्या प्रभागातल्या एका गटातली आहे. त्या ताईंना विचारूनच लिहिते आहे. गावाचं किंवा कुणाचंही नाव घातलेलं नाही.

गेल्या श्रावणात त्या ताईंचे मालक अचानक गेले. पहाटे छातीत दुखायला लागलं, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, दुपारी सगळं संपलं. वय ४२. मागे दोन शाळकरी मुलं, म्हातारी सासू, दीड एकर रान आणि एक दुभती गाय.

मी पाचव्या दिवशी भेटायला गेले. समुपदेशन शिकलेली असल्यामुळे काय बोलायचं ते गाडीवर जातानाच मनात जुळवत होते. गेल्यावर म्हणाले, "ताई, खंबीर राहा. मुलांकडे बघा. काही लागलं तर मला फोन करा." त्या नुसती मान हलवत होत्या. तेवढ्यात गटातल्या एक आजी आल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. कोपऱ्यात चार दिवसांचं धुणं पडलं होतं ते उचललं आणि हापशावर घेऊन गेल्या. मी निघाले तेव्हा मुलांचे शाळेचे कपडे दोरीवर वाळत होते. माझा फोन काही त्यानंतर वाजला नाही.

दुसरी गोष्ट मला त्या ताईंनीच दोन महिन्यांनी सांगितली.

घरात माणूस गेलं तरी गाय थांबत नाही. दोन्ही वेळा धार काढली नाही तर कास सुजते, दगडी होते. पहिल्याच दिवशी संध्याकाळी गाय हंबरत होती आणि घरात कुणाला त्याची शुद्ध नव्हती. धार कायम मालकच काढायचे. गटातली एक बाई मागच्या बाजूने गोठ्यात आली. या दोघींचं वर्षभर बोलणं नव्हतं. बांधावरच्या बाभळीवरून भांडण झालं होतं, ते बैठकीपर्यंत आलं होतं. बैठकीत दोघी एकमेकींकडे पाठ करून बसायच्या.

ताई म्हणाल्या, "मी मागच्या खिडकीतून बघितलं तर आमच्या ह्यांचा सदरा तिने अंगात घातला होता. खुंटीवर असायचा, धारेच्या वेळी घालायचे तो. मला इतका राग आला की ओरडणारच होते. मग कळलं. गाय पान्हा सोडत नव्हती. वासावर ओळखते ना ती. सदरा घातला तेव्हा कुठे धार लागली."

त्या बाईने दूध डेअरीत घातलं आणि पावती गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली. मग रोज दोन वेळा. तेराव्याच्या रात्री सासूबाईंनी कोनाड्यातल्या पावत्या काढून मोजल्या. पंचवीस होत्या. एक खाडा नव्हता. तेराव्यानंतरही ती येत राहिली.

सव्वा महिन्याने एका पहाटे ताई स्वतः बादली घेऊन गोठ्यात गेल्या. ती बाई आधीच आलेली होती. तिने सदरा काढून खुंटीला लावला आणि म्हणाली, "मागचा उजवा सड जड आहे, जपून काढ." वर्षभरानंतर एवढंच बोलली आणि घरी गेली.

बाभळीचा वाद अजून मिटलेला नाही, हेही सांगते. तो ग्रामपंचायतीत आहे आणि दोघी आपापल्या बाजूवर ठाम आहेत. म्हणून तर ही गोष्ट मला लिहावीशी वाटली. आवडत्या माणसासाठी आपण सगळेच धावतो. तिने भांडण तसंच ठेवून गाय सांभाळली. बदल्यात बांधावरचा हक्क सोड, असंही म्हणाली नाही.

सावड, इर्जिक आणि ही मदत

आपल्याकडे एकमेकांच्या कामाला जायच्या जुन्या पद्धती आहेत. सावड म्हणा, पैरा म्हणा. आज मी तुझ्या खुरपणीला, उद्या तू माझ्या. त्यात हिशेब असतो, आणि तो असायलाच हवा. एकीने चार दिवस दिले आणि दुसरीने दोनच, तर पुढच्या वर्षी सावड मोडते.

दुसरी पद्धत इर्जिकेची. एखाद्याचं काम मागे पडलं, तर आसपासचे लोक आपापली औतं घेऊन एका दिवसात त्याचं रान उरकून देतात. त्यांना फक्त जेवण घालायचं. सावडीसारखा दिवसाला दिवस इथे मोजत नाहीत.

आणि कडू घास तर आपल्याला माहीतच आहे. ज्या घरी माणूस गेलं त्या घरची चूल पेटत नाही, मग शेजारून, भावकीतून पिठलं-भाकरी येते. ती भाकरी कुणी परत मागत नाही.

म्हणजे विनाअट प्रेम हा काही पुस्तकातला मोठा शब्द नाही, आपल्या चुलीजवळचीच गोष्ट आहे. अडचण एवढीच की आपल्या पद्धती तेराव्यापर्यंत चालतात. त्यानंतर पाहुणे जातात, भाकरी यायची थांबते, आणि खरी एकटी रात्र तेव्हा सुरू होते. पंचविसाव्या पावतीनंतरही जी येत राहिली, तिच्याकडून शिकायचं ते हे.

सावित्रीबाईंनी काय केलं

सावित्रीबाईंचा फोटो आपल्या प्रत्येक कार्यक्रमात असतो. त्यांनी मुलींची शाळा काढली हे सगळ्यांना ठाऊक आहे. आज त्यांची दुसरी बाजू बघू.

१८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. त्या काळी उच्चवर्णीय घरांत विधवेचं परत लग्न सहसा होत नसे. कुणी तिला फसवलं आणि दिवस गेले, तर तिच्यापुढे जीव देणं किंवा बाळ मारणं एवढेच रस्ते उरायचे. अशा बायकांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, बाळ ठेवून जायचं तर ठेवून जावं, अशी ती सोय होती. "तू असं का केलंस" असा जाब तिथे नव्हता. काशीबाई नावाची एक विधवा तिथे बाळंत झाली. तिचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे यशवंत डॉक्टर झाले.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. लोक घरच्या आजाऱ्यालाही हात लावायला घाबरत होते. यशवंतरावांनी पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला मोकळ्या रानात दवाखाना सुरू केला. सावित्रीबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचं त्यांना कळलं. त्या गेल्या आणि मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्याला कुणी जीव द्या असं म्हणत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या मुलाच्या घरी जाऊन सावित्रीबाईंनी भाषण केलं नाही. त्या क्षणी एकच काम गरजेचं होतं, मुलाला दवाखान्यात पोचवणं. ते त्यांनी केलं.

आपण काय करू शकतो

आपल्या गावातल्या प्रसंगातून आणि इतर गटांतल्या अनुभवातून मला जे कळलं, ते क्रमाने लिहिते.

१. "काही लागलं तर सांग" म्हणू नका, काम बघा. दुःखात असलेल्या बाईला काय लागतं हेही सुचत नसतं, आणि सुचलं तरी मागायला जीभ उचलत नाही. घरात शिरल्यावर नजर फिरवा. पाणी भरलंय का? मुलांनी खाल्लंय का? जनावरांना वैरण पडली का? दळण संपलंय का? जे दिसेल ते उचला. कपाटाला आणि पैशाच्या डब्याला मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका.

२. पहिल्या दिवशी नाही जमलं तर चाळिसाव्या दिवशी जा. पहिले तेरा दिवस घर भरलेलं असतं. गटातल्या दहा जणींनी दिवस वाटून घेतले, तर दोन-तीन महिने रोज एक तरी बाई त्या घरी डोकावते. फार वेळ बसायची गरज नाही. चहापुरतं बसा.

३. ऐका, सल्ला देऊ नका. "त्याचं आयुष्य तेवढंच होतं", "देवाची मर्जी" अशा बोलण्याने आपल्यालाच बरं वाटतं, तिला नाही. ती एकच गोष्ट दहा वेळा सांगेल. दहा वेळा ऐका. ती गप्प असेल तर शेजारी बसून शेंगा फोडा, भाजी निवडा.

४. बांगड्यांना हात लावू देऊ नका. आमच्या त्या ताईंच्या बांगड्या फोडायला भावकीतल्या बायका पुढे आल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझा लेक गेलाय. तिच्या हाताला कुणी हात लावायचा नाही." त्या म्हातारीचं दुःख सगळ्यात मोठं होतं, आणि तिनेच सुनेला जपलं. बाजूला कुजबुज झाली, पण बांगड्या राहिल्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आपल्या गावात ठराव झालाय का ते विचारा. झाला नसेल तर ग्रामसभेत मांडा. पण ठराव असो नसो, त्या दिवशी तिच्या शेजारी उभी राहणारी एक बाई लागतेच.

५. कागदांची कामं अंगावर घ्या. रडून डोळे सुजलेल्या बाईला कचेरीच्या रांगेत उभं राहणं फार जड जातं. तिला लागणारी मुख्य कामं ही:

– मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, तेवढ्यात फी लागत नाही. माणूस जिथे गेलं तिथे नोंद होते. घरी गेलं तर आपल्या ग्रामपंचायतीत. तालुक्याच्या दवाखान्यात गेलं तर तिथल्या नोंदणी कार्यालयात. आमच्या लोकांचे यात दोन दिवस गावातच फुकट गेले.

– मालकाचं बँक पासबुक तपासा. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापले असतील तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे. त्यात मृत्यू कशानेही झाला तरी वारसाला २ लाख मिळतात. २० रुपये कापले असतील तर सुरक्षा विमा. तो अपघातासाठीच असतो.

– घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल आणि कमावतं माणूस १८ ते ५९ वयात गेलं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात.

– निराधार विधवेसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, महिना १,५०० रुपये. याचाही अर्ज तहसीलला. उत्पन्नाची अट तिथे विचारून घ्या.

आमच्या बँक सखीने त्या ताईंचं पासबुक बघितलं. २० रुपयांची नोंद सापडली, ४३६ ची नव्हती. तरी ती बँकेत तीनदा जाऊन आली, पदरचं भाडं घालून. मृत्यू आजाराने झाल्यामुळे काहीच मिळालं नाही. तिने हे कुणाला सांगितलं नाही. बँकेतल्या माणसाच्या बोलण्यातून ताईंना कळलं. त्यानंतर तिने कुटुंब लाभचा अर्ज भरून दिला, त्याचे पैसे अजून यायचेत. ताई मला म्हणाल्या, "दोन लाख मिळाले नाहीत, पण ती तीनदा गेली होती हे मला पुरतं."

६. वाच्यता करू नका. कुणीतरी त्या घरी धान्य दिल्याचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. थोरल्या मुलाने तो शाळेत मित्राच्या मोबाइलवर बघितला. त्या रात्री तो जेवला नाही. मदत करणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण त्या पोराची मान खाली गेली. आपण केलेलं नंतर भांडणात काढणं, "तेव्हा मी होते म्हणून" असं ऐकवणं, हेही त्याच माळेतलं.

मग गटाचा हप्ता?

हा अवघड प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. त्या ताईंवर गटाचं अंतर्गत कर्ज होतं. दहाव्या दिवशी बैठक होती. एकजण म्हणाली, "नियम म्हणजे नियम. आज तिला सोडलं तर उद्या सगळ्या कारणं सांगतील." दुसरी म्हणाली, "या महिन्याचा हप्ता मी भरते, विषय संपला."

अध्यक्षताईंनी दोन्हीला नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "तू भरलास तर ती जन्मभर तुझ्या उपकाराखाली राहील. आणि आपण काहीच लिहिलं नाही तर वही खोटी होईल. ठराव करू." मग इतिवृत्तात रीतसर ठराव लिहिला, तीन महिने हप्ता पुढे. घरात मृत्यू किंवा मोठा आजार झाला तर हा नियम सगळ्यांना लागू. म्हणजे ताईंना सवलत मिळाली, पण ती हक्काची. चौथ्या महिन्यापासून त्यांनी हप्ता सुरू केला. दुधाच्या पैशांतून.

मला या बैठकीतून फार शिकायला मिळालं. पैशाचा व्यवहार वहीतच राहू द्या, उघड आणि सगळ्यांना सारखा. धुणं, धार, रांगेतले हेलपाटे, रात्रीची सोबत हे मात्र वहीत आणू नका. दोन्हींची सरमिसळ झाली की गटही बिघडतो आणि नातंही.

एक सावधगिरी

विनाअट प्रेम म्हणजे निमूट सोसणं नाही. नवरा मारतो, दारू पिऊन पैसे हिसकावतो, तरी "प्रेम आहे म्हणून" गप्प राहायचं, असा या पाठाचा अर्थ कुणी काढू नये. अशा वेळी मैत्रिणीची खरी मदत म्हणजे तिला १८१ या महिला हेल्पलाइनची किंवा ११२ ची माहिती देणं आणि तिच्याबरोबर जाणं.

आणि सगळंच आपल्याने होत नाही. महिने गेले तरी बाई खात-पीत नाही, झोपत नाही, मरणाच्या गोष्टी बोलते, तर ते नुसतं दुःख नसतं, आजार असू शकतो. तिला एकटं सोडू नका. आरोग्य केंद्रात घेऊन जा. टेली मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ नंबरवर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येतं, मराठीतही.

जी बाई सगळ्यांसाठी धावते तिच्याकडेही लक्ष ठेवा. सव्वा महिना परक्या गोठ्यात पहाटे उठून जाणाऱ्या त्या बाईची स्वतःची चूल कोण पेटवत होतं, हे मी विचारलं. तिची अकरावीतली मुलगी पेटवायची. "आईने सांगितलं होतं का?" म्हटलं. म्हणाली, "नाही. ती उठून जाताना दिसायची ना."

गटात चर्चा करा

१. तुमच्या वाईट दिवसांत न मागता, न बोलता कुणी काय केलं होतं? नाव घेतलं नाही तरी चालेल, फक्त काम सांगा.

२. मदत मिळूनही मन दुखावलं, असं कधी झालं का? कशामुळे?

३. घरात मृत्यू किंवा मोठा आजार असेल तर हप्त्याचं काय करायचं, याचा ठराव आपल्या गटात आहे का? नसेल तर याच बैठकीत चर्चा करून इतिवृत्तात लिहा.

४. आपल्या गावात विधवा प्रथा बंदीचा ठराव झालाय का? पुढच्या ग्रामसभेत कोण विचारणार?

पुढच्या बैठकीपर्यंत करायचं काम: घरातल्या सगळ्यांची पासबुकं काढा आणि ४३६ व २० रुपयांच्या नोंदी आहेत का ते बघा. नसतील तर बँक सखीला विचारा. आणि गावात गेल्या सहा महिन्यांत ज्या घरात माणूस गेलंय, तिथे या आठवड्यात एकदा जाऊन या. जाताना काय बोलायचं ते ठरवू नका.